न्यायाधीश नाकारण्याचा हक्क

आमचे वडील निजामाच्या अदालतीत मुन्सिफ होते आणि सुलतान बाजारात त्यांच्या सचोटीचे गोडवे गायले जात. नात्यातल्या कुणाचा मुकदमा समोर आला की 'हा माझ्याकडे नको' म्हणून ते बाजूला होत. मग महिनाभर लोक माझ्यासमोर त्यांची वाहवा करत. मला त्याचा वीट आला होता, कारण घरात हा माणूस कधी कशातूनच बाजूला झाला नाही.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. त्या सकाळी घरची अदालत भरे. कचेरीत घालायची दस्तार, म्हणजे ती बांधीव पगडी, डोक्यावर चढवून वडील खुर्चीत बसत. फिर्यादीने उभं राहून बोलायचं आणि फैसला झाला की गप्प बसायचं. भांडी कुणी विसळायची इथपासून सगळं तिथेच ठरे.

एका शुक्रवारी अक्का उभी राहिली. ती मुलींच्या शाळेत शिकवत होती. वडिलांनी सिकंदराबादच्या एका बिजवर वकिलाला, दोन मुलांच्या बापाला, परस्पर शब्द देऊन टाकला होता. अक्का म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही. मला शाळा सोडायची नाही."

वडिलांनी घसा खाकरला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेव्हा वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो, त्यामुळे जिभेला नुसती खाज होती. म्हणालो, "हा फैसला तुम्हाला देता येणार नाही. शब्द तुम्ही दिलाय. तुम्ही स्वतःच यात पक्षकार आहात." वर व्याख्यान झोडलं. इंग्रजी कायद्यात याला रिक्यूजल म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ नाकारणं, हरकत घेणं. न्यायाधीशाने आपण होऊन बाजूला व्हायचं आणि शाबासकी मिळवायची, हे मागाहून आलं. मुळात तो हक्क पक्षकाराचा. मला हा न्यायाधीश नको, असं त्याच्या तोंडावर सांगायचा.

वडील चिडले नाहीत. चिडले असते तर परवडलं असतं. त्यांनी दस्तार काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि खुर्ची मोकळी केली. "बरोबर आहे तुझं. मी बाजूला झालो. आता तू बस."

पक्का माणूस. कुणाला कुठे बसवायचं ते त्याला नेमकं कळत होतं. परीक्षा झाल्यावर मला हाताखाली घ्यायचं त्याच वकिलाने कबूल केलं होतं. त्यांच्याकडे उमेदवारी मिळावी म्हणून अर्धं हैदराबाद रांगेत होतं. हे वडिलांना ठाऊक होतं. अक्कालाही ठाऊक होतं. स्थळाचा विषय निघायच्या आधी त्या बातमीचा तिने आनंदाने शिरा केला होता. मी त्याच क्षणी उठायला हवं होतं. एवढं व्याख्यान देऊन झाल्यावर तरी. मी उठलो नाही, खुर्चीत जरा सावरून बसलो.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिचा आवाज वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं इतका साधा होता.

"मला हा न्यायाधीश नको."

वडील खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. आई पदराला हात पुसत दारात थांबली होती.

मी म्हणालो, "हरकत नामंजूर. लग्न होईल."