खोली रिकामी नाही

यांच्या दर महिन्याच्या तपासणीला इस्पितळात ती पाहणीवाली आम्हाला भेटायची. पेशंट आणि त्याच्या घरचे आजारपणाशी कितपत जुळवून घेतात, हे मोजण्याचं तिचं काम. बोलणं तंजावरी मराठी; वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर जायचं. कुठल्याही उत्तरावर "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणायची आणि पेन जरा वेळ तसंच धरून ठेवायची, अजून काही येईल म्हणून. आमच्याकडून काही यायचं नाही.

नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, असा नियम होता. एक आत तिच्या खोलीत, दुसरा बाहेर बाकावर. जेवण ठीक, झोप ठीक. दोघांचंही तेच.

एकदा म्हणाली, "अक्का, आज खोली रिकामी नाही. दोघं इथंच बाकावर बसा." तिच्या पाठीमागे खोलीचं दार उघडं होतं. आत पंखा फिरत होता, माणूस नव्हतं.

तिनं जेवणाचं विचारलं. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही ताटाकडे बघत बसते. घास उतरत नाही."

"तुम्ही जेवल्याशिवाय माझा तरी कुठे उतरतो?" मी म्हटलं.

ती या वेळी "सरि" म्हणाली नाही. मांबलमला घरी परतताना रिक्षात आम्ही पहिल्यांदाच आजाराबद्दल बोललो.

पुढच्या खेपेला पुन्हा वेगवेगळं बसवलं. पुन्हा ठीक, ठीक. मी मागच्या वेळेचं विचारलं, तर पेनाला टोपण लावत म्हणाली, "ते मोजणीत धरलं नाही अक्का. एकत्र घेतलेलं बाद होतं."

आता हे नाहीत. तिच्या मोजणीत मात्र आमचं शेवटपर्यंत सगळं ठीक आहे.