सुभद्राम्मांचे बारा चांगले महिने

कोचीला कधी यावं, असं कुणी फोनवर विचारलं की सुभद्राम्मा म्हणायच्या, "आत्ताच या." जानेवारीत गारवा, एप्रिलात आंबे, आणि जुलैतल्या कर्किडक महिन्याचं तर विचारूच नका. धो धो पाऊस, तेलाचं मालिश, औषधी कांजी, हाडांत मुरलेला शीणही निघून जातो म्हणे! मट्टांचेरीतल्या राहत्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देऊन बाईंनी संसार ओढला होता. पाहुण्याला वाईट महिना सांगून कसं चालेल?

घरच्यांसाठी मात्र पंचांग निराळं. मस्कतला असलेल्या रजीशनं आईला न विचारता लग्न उरकलं, तेही परमुलखातल्या मुलीशी. तेव्हापासून तो विचारी, हिला घेऊन कधी येऊ? बाईंकडे उत्तर तयार असे. एप्रिलात उकाडा, तिला सोसायचा नाही. डिसेंबरात खोल्या भरलेल्या. आणि कर्किडकात नवी सून हाती दिवा घेऊन उंबरा ओलांडते का कधी? त्या महिन्यात शुभकार्य होत नाही हे रजीशलाही ठाऊक. सुनेचं नावसुद्धा बाईंनी ऐकून घेतलं नाही. आणि मग स्वतःच देवापुढे बसून रडायच्या, पोरगं घरी येत नाही म्हणून. आता काय बोलायचं!

यंदा कुणा जुरी बरुआचा फोन आला. मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये तिनं विचारलं, कोणत्या महिन्यात येऊ? खोल्या ओस पडल्या होत्या.

"कर्किडकात ये, पोरी," बाई म्हणाल्या. "घर रिकामंच असतं. आपलंच समज."

ऐन कर्किडकात, भर पावसात दाराशी रिक्षा थांबली. बाई टॉवेल घेऊन हसत पुढे झाल्या. आधी एक मुलगी उतरली आणि तिच्यामागून बॅगा घेऊन रजीश. बाईंचं हसू तोंडावरच राहिलं.

मुलगी पायरीखालीच थांबली. पागोळ्या तिच्या डोक्यावर गळत होत्या.

"अम्मे, हा म्हणतो, या महिन्यात सून आत येत नाही. मी पाहुणी म्हणून येऊ का?"

बाईंना फसवल्याचा संताप आला. त्याहून जास्त बरं वाटलं, आणि त्याचा आणखीच संताप आला. टॉवेल तिच्या डोक्यावर टाकून त्या तरातरा आत गेल्या. देवघरातला दिवा पेटवला, वाऱ्यापासून हातानं जपत बाहेर आणला आणि तिच्या हाती दिला.

"उजवा पाय आधी टाक," त्या खेकसल्या. "पाहुणे कसेही येतात."