घोंगड्याचा टप

माझ्या बायकोच्या तेराव्याला जी माणसं जेवून गेली ती सगळी जाताना म्हणाली, "गरीब गाय होती बिचारी." जेवून उठलेल्या माणसाला काय बोलायचं? पण खोटं ते खोटं. गाय कसली? तिनं माझ्या मोटारीला टप करून अख्ख्या अक्कलकोट रस्त्याची तोंडं बंद केली होती. मला चौथीपुढं शाळा नाही, लिहायला बसलो की हात आखडतो. तरी लिहितोय. घरात आता बोलायला दुसरं कोण हाय?

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं आणि मी सोलापूर ते अक्कलकोट पाशिंजरांची मोटार चालवत होतो. मोटार मालकाची. मालक कापडाचे व्यापारी. आतासारखी पत्र्यानं बंद केलेली गाडी नव्हे ती. वर कापडाचा टप, लाकडी कमानींवर ताणलेला. वारा पाहिजे तर मागं पाडायचा, ऊन-पाऊस आला की चढवायचा. कंपनीचा टप रबर लावलेल्या कापडाचा असायचा. विलायतेत तो टिकत असेल. सोलापूरच्या उन्हात त्याला टाचेसारख्या भेगा पडल्या, आणि एक दिवस वाटेवरच्या बाभळीची फांदी त्यात अडकली ती टप फाडूनच सुटली.

मालक म्हणाले, "कंपनीचाच टप मागवू. बोटीनं येईल. तोवर मोटार बंद."

"आन् मी?"

"तू जा गावाकडं. टप आला की बघू, ड्रायव्हर तूच ठेवायचा का दुसरा."

मेंढरामागची काठी टाकून मोटारीचं चाक हातात धरलेला आमच्या घराण्यात मी पहिला. परत काठी धरायची म्हटल्यावर मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसलो. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताटच ओढून घेतलं. मग सांगितलं.

"टप म्हंजी पाऊस अडवायचं कापडच की?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग माझा बाप दिसभर पावसात मेंढरामागं हुबा ऱ्हातो, त्यो काय विलायतेचं कापड पांघरतो?"

मी म्हटलं, "अगं, मोटार हाय ती. मेंढरू न्हाय."

"मोटारीला काय कळतंय, वर काय घातलंय ते!"

सासऱ्याच्या घरी माग होता. लोकर घरच्याच मेंढरांची. बायको माहेरी जाऊन बसली, आईबरोबर सूत कातलं, बापाकडून घोंगडी विणून घेतली आणि दाभणानं एकाला एक जोडली. मी मालकाला विचारलं तेव्हा ते पोट धरून हसले. पण मोटार उभी ठेवणं त्यांनाही नको होतं. म्हणाले, "बसव. बघू तरी काय सोंग दिसतंय."

सोंग बरं दिसत होतं. काळा टप, ताठ, कुठं सुरकुती नाही. ताठ का, तर सासऱ्यानं त्याला चिंचोक्याची खळ दिली होती. आमच्यात खळ दिल्याशिवाय घोंगडं घराबाहेर देत नाहीत. मऊ घोंगडं दिलं तर विणणाऱ्याची अब्रू जाते. मोटारीला चाललंय म्हणून सासऱ्यानं नेहमीपेक्षा दाट खळ दिली. जावयाचा मान!

स्टँडवर दुसरी एक मोटार असायची. तिचा ड्रायव्हर मुसलमान, माझ्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. त्याच्या गाडीवर कंपनीचा टप. मला बघितलं की ओरडायचा, "क्या पावणे, मेंढरं आत भरली का वर?" पाशिंजर हसायचे आणि त्याच्या गाडीत जाऊन बसायचे.

तेही सोसलं असतं. पण एका लग्नाच्या वऱ्हाडाला घेऊन चाललो असताना पावसाची सर आली. पाणी टपात मुरलं आणि सगळी खळ विरघळून खाली गळायला लागली. पांढरी, चिकट, नाकातल्यासारखी. नवरदेवाच्या मामाच्या गुलाबी फेट्यावर पहिली धार पडली. मामा म्हणाला, "आरं, वरनं काय मुततंय का काय?" मग बायकांच्या शालूंवर, पोरांच्या डोक्यावर. वऱ्हाड उतरलं तेव्हा एकमेकाला चिकटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर अख्ख्या स्टँडला सांगत होता, "पावण्याच्या गाडीत बसा! फेट्याला खळ फुकट!"

मालक हसले नाहीत. म्हणाले, "काढ ते आत्ताच्या आत्ता. मी मुंबईला लिहिलंय. टप येईल. तू गावाकडं जायची तयारी कर."

घोंगडं डोक्यावर घेऊन घरी आलो. वाटलं, ही आता रडेल. तिनं घोंगडं हुंगलं, बोटानं चोळलं आणि म्हणाली, "घोंगड्याचा दोष न्हाय, खळीचा हाय. नवं घोंगडं धुऊन तुडवल्याबिगर कुणी पावसात नेतं का? आमचं बी चुकलं, तुमचं बी. मालकाला म्हणावं, अजून एक खेप."

"त्यो न्हाय ऐकायचा."

"तुमी इचारा तर! का मी येऊ?"

ती आली असती म्हणून मीच गेलो. गुरुवार तोंडावर होता. गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या मठात जाणाऱ्यांची गर्दी. मालकांनी गुरुवारच्या पाशिंजरांचा बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "एक खेप. आत पाण्याचा थेंब आला तर गाडी लावून तसाच निघायचं."

बायकोनं ओढ्यावर ते घोंगडं तुडवलं. पदर खोचून, पाय लाल होईस्तोवर, पाणी नितळ निघेस्तोवर. तुडवल्यावर वीण दाट झाली, बोटाचं नख आत जाईना. पण आटलंही. कमानीला वीतभर कमी पडायला लागलं. मी डोक्याला हात लावला. तिनं आमच्या अंथरुणातलं जुनं, पांढरट घोंगडं ओढलं, सरळ फाडलं आणि त्याची पट्टी जोडली. काळ्या टपाला कडेनं पांढरा पट्टा. आता तर लांबूनसुद्धा मेंढरूच दिसत होतं.

गुरुवारी जाताना ऊन होतं. येताना मृगाच्या पावसानं गाठलं. आमच्याकडं मृग बरसायला लागला की पुढचा रस्ता दिसत नाही. काळी माती चाकाला धरते, वारा आडवा मारतो. मी मान वर करून बघतही नव्हतो.  बराच वेळ झाला तरी पाठीमागनं कुणी ओरडेना, तेव्हा मीच विचारलं, "भिजताय का?"

एक म्हातारी म्हणाली, "न्हाय बाबा. वास येतुया मेंढराचा, पण उबदार हाय. मला तर झोप आली."

पुढं वाटेत स्टँडवरची ती दुसरी मोटार उभी. कंपनीच्या टपाला भेग होती, तिच्यात वारा शिरला आणि टप कमानींपासून पार सुटला होता. लोक सीटवर पोती पांघरून बसले होते. मी गाडी थांबवली. त्याच्याकडची बायका-पोरं आत घेतली, पुरुष पायरीवर उभे केले. शेवटी तो स्वतः चिंब भिजून आला.

मी म्हटलं, "मेंढरं वर हायत. तुमी आत बसा."

तो बसला. हात वर करून टपाला लावला, तळवा बघितला. कोरडा. "कमाल है," म्हणाला आणि सोलापूर येईस्तोवर पुढं काही बोलला नाही. त्याच्या जिभेला तेवढी विश्रांती मी पहिल्यांदा बघितली.

स्टँडवर मालक छत्री घेऊन उभे होते. सरळ मागं गेले, सीटवर हात फिरवला, टप आतनं चाचपला. नाक मुरडलं. म्हणाले, "वास मारतंय." मग म्हणाले, "उद्याची पहिली खेप तूच घे."

पुढं विलायतेचा टप आला, सुंदर, चकचकीत. मालकांनी विचारलं, "बोल, कुठला बसवायचा?" मी खरं ते सांगितलं: कंपनीचा मापात बसतो, वजनाला हलका, वास नाही. पण उन्हाळे दोन झाले की भेगा, आणि मग परत बोटीची वाट. घोंगडं फाटलं तर घरी दाभण हाय. मालकांनी कंपनीचा टप त्या दुसऱ्या मोटारवाल्यांना विकून टाकला.

आणि मजा बघा. दोन उन्हाळे काढून तोच ड्रायव्हर मोटार घेऊन माझ्या सासऱ्याच्या दारात आला. बायको तेव्हा माहेरीच होती, मीही तिला न्यायला गेलो होतो. तो अदबीनं म्हणाला, "भाबी, हमको भी एक घोंगड्याचा."

"मोटार सावलीत घ्या. माप मी घेणार," ही म्हणाली. पदर खोचला आणि गाव बघत असताना मडगार्डवर चढली. पलीकडनं मापाच्या दोरीचं टोक मी धरलं, अलीकडनं त्यानं. ती वरनं ओरडत होती, "ढिली सोडू नगा! आटायला वीतभर जादा धरा! आन् ह्येला खळ न्हाय द्यायची, आत्ताच सांगून ठिवते, बाबा!" सासरे मागावरनं बघत होते. अब्रूचा विषय त्यांनी काढला नाही.