गेटवरचे रजिस्टर आणि शामराव कांबळे

१९९५च्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, शामराव कांबळे यांनी गेटवरचे रजिस्टर आमच्या व्यवस्थापकांना दाखवायला नकार दिला. सांगलीतल्या ज्या दैनिकात मी बातमीदार होतो, तिथे ते पहारेकरी होते.

शामराव कुंडलचे. सतरा वर्षे लष्करात काढून आलेले. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाने रजिस्टरात नाव, पत्ता आणि कोणाला भेटायचे ते लिहावे, असा नियम होता. शामरावांनी त्यात आपली भर घातली होती. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला त्यांनी एका ओळीएवढी खाच पाडली होती. तो पानावर ठेवूनच ते पेन पुढे करीत. लिहिणाऱ्याला फक्त स्वतःची ओळ दिसे. ‘काम’ हा रकाना ते कोणालाही भरू देत नसत. “कामाचं आत बोला. हितं निस्तं नाव,” असे म्हणत.

उपसंपादक थट्टा करीत, “हवालदार, पाकिस्तानचा माणूस येतोय का हो वाचायला?”

“पाकिस्तानचा कशाला? शेजारचाच येतो.”

त्या महिन्यात माधवनगरच्या एका सूतगिरणीतली सुमन नावाची कामगार मला भेटायला आली. गिरणीत एका यंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती, त्यात एका बाईची दोन बोटे गेली, आणि अपघात घरी झाला असे गिरणीने तिच्याकडून लिहून घेतले, असे तिने सांगितले. “आवं दादा, माजं नाव कुठं येऊ देऊ नका. घरात मीच कमावती हाय,” हे ती दोनदा म्हणाली. मी आणखी दोघींकडून खात्री करून घेतली. बातमी तिच्या नावाशिवाय छापून आली. तिचा पत्ता मात्र माझ्याकडून टिपून घ्यायचा राहिला होता.

पुढच्या बातमीसाठी तो हवा म्हणून मी गेटवर गेलो. “तुमी बी न्हाई,” शामराव म्हणाले. “तिला द्यायचा आसता तर तिनं तुमालाच दिला आसता.” रविवारी सुटी होती. ते स्वतः सायकलने तिच्या घरी गेले, पत्ता सांगू का म्हणून विचारून आले, आणि मगच मला सांगितला.

मंगळवारी गिरणीचे एक अधिकारी आले. गिरणीच्या जाहिराती आमच्याकडे नेहमी असत. व्यवस्थापक त्यांना घेऊन गेटवर आले.

“शामराव, रजिस्टर द्या. साहेबांना एक नाव बघायचंय.”

“कुनाचं?”

“तेच तर बघायचंय.”

“मग न्हाई जमायचं, सायेब.”

“अहो, रजिस्टर ऑफिसचं आहे.”

“व्हय की. नावं लोकांची हायती.”

अधिकारी हसले. आपणही भेटायलाच आलो आहोत, असे म्हणून त्यांनी पेन घेतले, आणि लिहिता लिहिता अंगठ्याने पुठ्ठा वर सरकवू लागले. शामरावांनी त्यावर पंजा ठेवला. “लय येळ लागला, सायेब. आमच्या कुंडलात दुसरीतली पोरं बी यापरीस भराभर लिवत्यात.”

संध्याकाळपर्यंत रजिस्टर आपल्या टेबलावर आणून ठेवावे, असा लेखी हुकूम व्यवस्थापकांनी काढला. शामरावांनी ते दुपारीच संपादकांकडे नेले, त्यांच्या कपाटात कुलपात ठेवायला लावले आणि पोच म्हणून त्यांची सही घेतली. “किल्ली माझ्याकडे राहील,” एवढेच संपादक म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शामरावांची बदली कागदाच्या गोदामात झाली. मी भेटायला गेलो, तेव्हा रिळांना टेकून बसले होते. “आवं, हितं लय गारवा हाय. मे म्हैन्यात बरंच झालं की,” म्हणाले. निवृत्त होईपर्यंत ते गोदामातच होते.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी ते कुंडलला वारले. जलदान विधीला मी गेलो. बायकांमध्ये सुमन बसली होती. गिरणीतून तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. दुपारच्या कामाला हजर व्हायचे म्हणून साडेअकराच्या एसटीने ती माधवनगरला परत गेली.