शून्य लिहायचं की नाही

प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि माझं घोडं एका शून्यावर अडलं होतं. महाडच्या कॉलेजात शिकवता शिकवता तीन वर्षं मी एकच गोष्ट तपासत होते. राब भाजून, म्हणजे पालापाचोळा आणि शेण जाळून, त्या राखेत वाढवलेलं भाताचं रोप साध्या रोपापेक्षा सरस ठरतं का? शेत कापडे गावच्या काकांचं, मोजणी माझी. हजारो लोंब्या मी वेड्यासारख्या मोजल्या होत्या.

खरं तर काहीच फरक नसताना निदान इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसेल, याची शक्यता पी-व्हॅल्यू सांगते. कॉलेजातल्या सॉफ्टवेअरने ती ०.००० दाखवली. दुसऱ्या सॉफ्टवेअरने सांगितलं, दहाच्या उणे सोळाव्या घाताच्या आसपासचा एक आकडा, त्याहूनही कमी. घरी स्प्रेडशीटमध्ये मी स्वतः सूत्र लिहिलं, तर सरळ शून्य! मार्गदर्शक सर म्हणाले, "शून्य कसं असेल? अशक्य म्हणायचंय का तुम्हाला?" मला काय म्हणायचंय तेच मला कळेना.

दोन दिवस वाचत बसले. पहिलं सॉफ्टवेअर तीनच दशांश दाखवतं, पुढचे झाकतं. दुसऱ्याच्या पोटात खरा आकडा असतो, पण एका मर्यादेखाली तो छापायचा नाही अशी त्याची रीत. आणि माझं सूत्र १ मधून दुसरी एक संख्या वजा करत होतं. ती संख्या १ च्या इतकी जवळ, की यंत्राला ती १ च वाटली आणि उरलं शून्य. वजाबाकी न करता आलेखाच्या शेपटीकडचा भाग थेट मोजला तर आकडा हाती लागतो, असं कळलं. मोजला. दशांशचिन्हापुढे शून्यंच शून्यं आणि मग कुठे एक आकडा. आनंद व्हायला हवा होता, पण मला धास्तीच वाटली. भातात इतकी खात्री कुठून आली?

रविवारी कापड्याला गेले. काकांना विचारलं, "राबाने एवढा फरक पडतो?"

"पडतोच गो. त्यात राबाचं रोप मी खालच्या पाणथळ खाचरात लावतो. बिनराबाचं वर, माळाला."

"दर वर्षी?"

"चांगलं रोप चांगल्या जमनीतच लावतात. ह्ये काय सांगायला लागतंय?"

मी तीन वर्षं ती दोन्ही खाचरं तुडवली होती. वरचं-खालचं डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. आता एवढा इवलासा आकडा राबाचा की पाण्याचा? कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नव्हतं. काकांवर चिडावं, तर त्यांनी चूक केलीच नव्हती. स्वतःचा मात्र भयंकर राग आला.

"पुढच्या साली दोन्ही रोपं एकाच खाचरात लावाल?"

काका म्हणाले, "लोक हसतील. पण लावू. तुझं पुस्तक उद्या द्यायचं हाय ना?"

"नाय देत," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच रडू फुटलं.