गाडी मागे घेताना

नामदेवभाऊ गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांची तेरवीही उरकली होती. डेपोतल्या एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसरा विसरला. वरून मलाच म्हणतो, "तुले मालूमच असंल असं वाटलं गा!" मी त्याच्यावर असा खेकसलो की कँटीनमधली माणसं वळून पाहू लागली. पण न सांगण्याच्या बाबतीत खेकसायला मला तोंड नव्हतं.

ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. नागपूर-मौदा गाडीवर आमची जोडी कित्येक वर्षं होती. सकाळच्या फेरीआधी ते मला ओढून तर्रीपोहे खायला न्यायचे. म्हणायचे, "खा गा बबन, उपाशी कंडक्टर चिल्लरवरून लोकाईशी भांडते." आणि भांडायचो मी, हे खरंच होतं. डोकं माझं जन्माचंच गरम!

अशा माणसाशी मी अबोला धरला, आणि तो कशावरून? त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. धावपळीत त्यांनी मला बोलावणं दुसऱ्याच्या तोंडी धाडलं. मला झोंबलं. रोज एका गाडीत बसणाऱ्याला निरोप? मी गेलोच नाही. मी आलो नाही म्हणून ते रुसले. दोघांपैकी एकानं "काहून गा?" एवढं विचारलं असतं तर पोह्यांच्या एका प्लेटीत सगळं मिटलं असतं. आम्ही मात्र घंटीवर बोलू लागलो. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

गाडी मागे घ्यायची तर कंडक्टरनं उतरून मागे उभं राहायचं आणि शिट्टी द्यायची, ही रीत. आधी भाऊ खिडकीतून ओरडायचे, "हायस का गा मागं?" मी म्हणायचो, "येऊ द्या, भाऊ!" अबोल्यात ते ओरडणं गेलं, नुसती शिट्टी उरली. एक दिवस मौद्याच्या स्टँडवर मी फेरीची नोंद करायला कंट्रोलरच्या खिडकीकडे गेलो. एरवी "भाऊ, थांबा जरा" म्हणालो असतो. नाही म्हणालो. शेजारची गाडीही मागे निघत होती. तिच्या कंडक्टरनं शिट्टी दिली, भाऊंना ती माझीच वाटली. मागे मारोती नावाचा हमाल पोतं उचलत होता. त्याचा पाय चाकाखाली आला. जीव वाचला, पाय कायमचाच गेला.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही मागे नाही, हे ड्रायव्हरला माहीत होतं का?" मी म्हणालो, "त्यांनी विचारलं नाही, साहेब." ते खरं होतं. मी सांगितलं नाही, हेही तेवढंच खरं होतं, पण ते मी गिळलं. भाऊ एवढंच बोलले, "विचारायले पाह्यजे होतं. चूक माही." त्यांच्या हातून स्टिअरिंग गेलं ते गेलंच. डेपोच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत त्यांची नोकरी संपली.

पण तिथं बसूनही ते नव्या जोड्यांना अडवायचे. "घरी भांडा, एकमेकाचं तोंड पाहू नका, पन गाडी मागं घेताना आवाज द्या. शिट्टी कोनाचीबी असते. नाव घेऊन विचारा, नाव घेऊन जबाब द्या." पोरं आधी हसली, मग तसं करू लागली. आमचंही हळूहळू बोलणं सुरू झालं, सगळ्यावर झालं... फक्त त्या दिवसावर नाही.

ते आजारी आहेत म्हणून नागपुरातल्या नंदनवन वस्तीत त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्या दिवसाचं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. जावयाचं विचारलं, उन्हाला शिव्या दिल्या, चहा प्यालो आणि उठलो. भित्रा कुठला!

तेरवीनंतर पुन्हा त्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "तुमी गेल्यावर ते म्हणे, बबन काहीतरी बोलायले आला होता. काय होतं जी भाऊजी?" मी सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरेना. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हे मले काहून सांगून राहिले? मारोतीले सांगा. हे तर दर दिवाळीले जात होते त्याच्याकडं."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. मारोतीचा पानठेला मौद्याच्या स्टँडवरच आहे. इतकी वर्षं मी गाडीतून उतरून त्याच्याकडे पाठ करून चालत आलो होतो. माफी मागायची ती भाऊंची, एवढंच डोक्यात धरून बसलो, आणि ज्याचा पाय गेला तो माणूस माझ्या हिशेबातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ठेल्यासमोर उभा राहिलो. त्यानं मला लगेच ओळखलं. पानाला चुना लावता लावता म्हणाला, "या जी. नामदेवभाऊ यंदा दिवाळीले आले नाही. तब्येत बरी हाय ना त्यायची?"

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी बाकावर बसलो. आधी माझं सांगितलं, मग भाऊंचं.