माळ त्यांचा, हेवा माझा

मंडळी, गोदाबाईंच्या साठीनिमित्त तुम्ही हा गौरव अंक काढताय, चांगलं आहे. पण तुमची आठवण म्हणजे गळकी घागर! पाऊस रुसला त्या वर्षी याच बाईंना त्यांच्या माळाच्या झापेपाशी, त्या काट्यांच्या फाटकापाशी, उभं राहून काय काय बोलला होतात, ते विसरलात ना? मी विसरलेले नाही. मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. लिहून घेतेय ती सूनबाई. ती म्हणते, पुस्तकात धाकट्या जावेला ‘अगं गोदे’ म्हणायचं नसतं, ‘त्या’ म्हणायचं. म्हणते बापडी.

लग्नानंतर गोदाबाई पहिल्यांदा नांदायला आल्या, तेव्हा भादवा चालू होता. मी घरातली थोरली, मेहरूणच्या तळ्याकाठची. भाकरतुकडा घेऊन दारात उभी, तर गाडी आली रिकामी! नवी सून वाटेत माळावर उतरली होती. घटकाभरानं चालत आल्या. लुगड्याच्या काठाला कुसळंच कुसळं, हात मात्र मोकळे.

“काय आणायला गेली होतीस गं?” सासूबाई कडाडल्या.

“काहीच नही, आत्याबाई. निस्तं देखाले.”

नुसतं बघायला, म्हणे! ती कुसळं काढायला सासूबाईंनी मला बसवलं. आमची ओळख झाली ती अशी.

पुढे वाटण्या झाल्या. नदीकाठची काळी जमीन आमच्याकडे आली, खडकाळ माळ त्यांच्याकडे गेला. गावानं माझं नशीब वाखाणलं. पण भादव्यात बघावं, तर खाली माझा हिरवा कापूस आणि वर त्यांच्या माळावर गुलाबी कुर्डू, रानतीळ, निळा केना, आणि वाकून पाहिलं तरच दिसणारी विष्णुकांता. कापूस बघायला कोण येतं हो? माझी स्वतःची पोरंसुद्धा वरच. मला जो हेवा वाटला, तो आजतागायत वाटतो. सूनबाई, हे खोडू नकोस.

तेव्हा जो तो माळ फोडून कापूस लावत होता. आमचे भाऊजीही नांगर काढून बसले. गोदाबाईंनी मात्र माळाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि भाऊजींना ऐकवलं, “गवत ढोरेस्ले, फुलं मन्हा डोयास्ले.” गवत गुरांना आणि फुलं आपल्या डोळ्यांना, अशी वाटणी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. भाऊजींनी नांगर गुपचूप आमच्या गोठ्यात आणून ठेवला.

मग ते वाईट वर्ष आलं. बाकीचे माळ फोडलेले, गवत उरलं होतं ते इथंच. तुम्ही विळे घेऊन आलात. गोदाबाई झाप धरून उभ्या राहिल्या, “फूल सुकू द्या, दाणा झडू द्या, मग विळा.” कोणी त्यांना कंजूष म्हणालं, कोणी वेडी. त्या जागच्या हलल्या नाहीत. दाणा झडला त्या सकाळी त्यांनी स्वतः झाप उघडली आणि सगळ्या गावाला आत घेतलं. आमचे बैलही त्याच गवतावर तगले. पुढच्या पावसाला माळ पुन्हा होता तसा उगवला. तुम्ही आज गौरव करताय तो त्या गवताचा. करा. पण माळ राखला तो फुलांसाठी, हे मला ठाऊक आहे.

फुलांच्या बाबतीत त्या फार कडक. माझ्या लेकीनं एकदा भुलाबाईला वाहायला माळावरची फुलं मागितली आणि नाही म्हटल्यावर भोकाड पसरलं. गोदाबाईंनी तिचे डोळे पुसले, मातीची भुलाबाई पाटासकट उचलली आणि माळावर नेऊन फुलांत बसवली. “फुलं येणार नाहीत, भुलाबाई जाईल!” मुलींनी तिथंच गाणी म्हटली, डबा हलवून खाऊ ओळखला. ओळखला अर्थात गोदाबाईंनी. दरवर्षी त्याच ओळखतात, मी दरवर्षी हरते.

आता माझे गुडघे गेले. गेल्या भादव्यात माळ चढणं झालं नाही. गोदाबाई रोज वर जाऊन येत आणि माझ्या उशाशी बसून काय काय फुललं ते सांगत. असा जळफळाट झाला माझा! एके दिवशी म्हणाल्या, “अक्का, तुमच्यासाठी उद्या ओंजळभर तोडून आणते.”

मी ओरडले, “खबरदार! नेम मोडायला मीच सापडले का?”

डोळे भरून आले. माझे नाही, त्यांचे.

तर मंडळी, सत्कार देवळात नको, माळावर करा. मातीची भुलाबाई पाटावरून जाते, मग मी बैलगाडीतून का जाऊ नये? मला त्यांच्या शेजारी बसवा. गोदाबाईंना शंभर वर्षांचं धडधाकट आयुष्य लाभो. मलाही तेवढंच लाभो, कारण माझ्यामागे त्यांनी एकट्यानं फुलं बघावी, हे मला खपायचं नाही.

आणि खाऊ पाठवायचा तो गोडशेव. कुरकुरीत, गुळाची. एकाच डब्यात घाला. दोन केलेत तर त्यांच्यात जास्त आहे असं मला वाटत राहील. झाकण घट्ट लावा. आत काय आहे ते गोदाबाईंना सांगू नका, आणि हा अंक त्यांच्या हाती डबा उघडल्यावरच द्या. यंदा ओळखणार मी.